नाक्यावरच्या गटारापासून प्रवाळापर्यंत : विद्यार्थ्यांच्या चित्रांचा उपक्रम कसा उभारावा

शाळेत ‘समुद्र वाचवा’ या विषयावर चित्रे काढायला सांगितली, की चाळीसपैकी पस्तीस कागदांवर एकच देखावा उतरतो. निळेशार पाणी, त्यात लाल, केशरी आणि जांभळे फांद्याफांद्यांचे प्रवाळ, मधून पोहणारा पट्टेरी मासा आणि कोपऱ्यात डोळ्यांत पाणी आणलेले कासव. चित्र वाईट नसते. परंतु ते काढणाऱ्या मुलाने तसे पाणी कधी पाहिलेले नसते, आणि त्याच्या घरामागून वाहणारा नाला मात्र त्या कागदावर कुठेच नसतो. मुंबईत विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन प्रवाळांविषयी कलेचा उपक्रम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, पालकांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांमधल्या हौशी कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. काही वर्षे कलाशिक्षक म्हणून हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की चित्राची सुरुवात समुद्रात करू नये, आपल्या दाराशी करावी. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती बांधल्या आहेत.

पहिली पायरी : आधी आपण प्रवाळ समजून घ्यावे

प्रवाळ म्हटले की घरोघरी आठवते ते मंगळासाठी अंगठीत घालायचे पोवळे. तोही एका प्रवाळाचाच सांगाडा असतो, मात्र भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या कुळातला. प्रवाळखडक ज्यांच्यापासून बनतात ते कठीण प्रवाळ म्हणजे असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी म्हणजे मऊ पिशवीसारखे शरीर, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांपासून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपला ज्या द्रव्याचा असतो तेच द्रव्य, तयार करून स्वतःखाली घर बांधत जातात. त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, आणि प्रवाळाचा रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच असतो.

पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश सेल्सिअस जरी काही आठवडे जास्त राहिले, तरी हे नाते तुटते आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. मग पारदर्शक ऊतींतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर सावरतो, नाही तर मरतो. जगभर अशी मोठी विरंजने १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाली, आणि चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले.

हे मुलांना फळ्यावर सांगून फारसे पोहोचत नाही. त्यापेक्षा पुढील प्रयोग करावा. जाड पांढऱ्या कागदावर प्रवाळाचा आकार फक्त पेन्सिलीने काढावा आणि छायेची रेघ तेवढी द्यावी. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर तपकिरी आणि हिरवट रंगाचे बारीक ठिपके, अगदी खसखशीएवढे, देत जावे. वीसएक मिनिटांनी प्रवाळ जिवंत दिसू लागतो. मग काही न बोलता सगळ्यांनी वरचा कागद एकदम उचलावा. पाचवीच्या एका वर्गात हे केले तेव्हा दोन क्षण कोणी बोलले नाही, आणि नंतर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, परत ठेवला तर?” विरंजनाचा अर्धा धडा त्या प्रश्नातच आहे. ठेवता येतो, पण वेळेत.

दुसरी पायरी : पावसाळ्यात गटाराचा माग काढावा

उपक्रमाची सुरुवात जूनमध्ये, शाळा भरल्या भरल्या करावी. किनाऱ्यावर जाण्याचा हा काळ नव्हे. पण जमिनीवरून समुद्राकडे काय जाते हे पाहण्यासाठी यासारखा दुसरा महिना नाही. मुलांना जोड्यांमध्ये वाटून शाळेच्या फाटकाबाहेरच्या पर्जन्यजलवाहिनीच्या जाळीपाशी न्यावे आणि दहा मिनिटे फक्त पाहायला सांगावे. चहावाल्याने ओतलेला चोथा, वडापावच्या गाडीखालचा तेलकट तवंग, गुटख्याच्या पुड्या, इमारतीच्या दुरुस्तीसाठी पदपथावर टाकलेल्या रेतीची पिवळट धार. हे सर्व वहीत रेखाटून त्याखाली तारीख आणि वेळ लिहावी.

यानंतर एक गोष्ट नीट समजावून द्यावी, कारण मोठ्या माणसांचाही येथे घोटाळा होतो. मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. शौचालयाचे पाणी मलजल केंद्राकडे जावे अशी योजना आहे. परंतु रस्त्याच्या कडेच्या जाळीत जे पडते ते कोणत्याही प्रक्रियेशिवाय नाल्यात, खाडीत किंवा थेट समुद्रात जाते. दक्षिण आणि मध्य मुंबईत भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाहिन्यांच्या तोंडापेक्षा वर येते आणि पाणी आपोआप बाहेर पडू शकत नाही, म्हणून हाजी अली, वरळीचे लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर येथे उदंचन केंद्रे बांधून ते पंपांनी समुद्रात सोडले जाते. उपनगरांत वाट वेगळी आहे. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यापासून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर आणि पोईसर या नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून उतरून पश्चिमेच्या खाड्यांकडे जातात. मुलुंड, भांडुपचे पाणी ठाण्याच्या खाडीकडे जाते. आपली शाळा यांपैकी कोणत्या वाटेवर आहे हे आधी नकाशावर शोधून ठेवावे आणि मग मुलांना तो मार्ग मोठ्या कागदावर, आपल्या ओळखीच्या खुणांसह, काढायला सांगावा. मार्केट, रिक्षा स्टँड, मंदिर, पूल, झोपडपट्टीची कडा, तिवरांचा (खारफुटीचा) पट्टा आणि शेवटी समुद्र असा तो नकाशा होतो. नकाशाचा बरोबरपणा प्रमाणात नसून क्रमात असावा. अंतरे चुकली तरी चालतील, नाल्याची दिशा चुकता कामा नये.

तिवरांचा पट्टा मुलांना सविस्तर काढायला लावावा, कारण गाळ येथेच अडतो. गढूळ पाण्यात प्रकाश पोहोचत नाही, आणि प्रवाळावर गाळ बसला तर तो झटकण्यातच त्याची शक्ती खर्च होते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे मोठे शेवाळ फोफावते आणि प्रवाळाची जागा बळकावते. खारफुटी तोडली की समुद्राच्या दाराची चाळणीच काढून टाकल्यासारखे होते.

येथे प्रामाणिकपणाची एक सूचना करतो. ‘आपण टाकलेल्या पिशवीमुळे ऑस्ट्रेलियातले प्रवाळ मरतात’ असे वाक्य मुलांच्या चित्राखाली येऊ देऊ नये. दादरच्या गटाराचे पाणी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांना भिडते. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात किंवा कच्छचे आखात येथील प्रवाळांशी आपले नाते मुख्यतः वाढत्या तापमानातून, म्हणजे जाळलेल्या कोळशातून आणि पेट्रोलमधून जाते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण त्या दोन आहेत, आणि चित्रात त्या वेगळ्या दिसाव्यात.

तिसरी पायरी : साहित्य निवडताना

या पायरीवर मी स्वतः सपशेल आपटलो आहे. पहिल्या वर्षी आम्ही थर्मोकोल कापून, त्यावर चमकी लावून, फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंगांनी सहा फुटांचा देखणा प्रवाळखडक उभा केला. पाहुण्यांनी कौतुक केले, फोटो निघाले. संध्याकाळी आवराआवर करताना हॉलभर पांढरे मणी उडाले, शिपाईमामांनी ते झाडून बाहेर नेले आणि रात्रीच्या पावसात ते कुठे गेले हे मला दुसऱ्या दिवशी जाळीपाशी दिसले. राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

तेव्हापासूनचा नेम असा. थर्मोकोल, चमकी, प्लास्टिकची फुले आणि प्लास्टर ऑफ पॅरिस वर्ज्य. त्याऐवजी वर्तमानपत्राचा लगदा आणि खळ, शाडूची माती, नारळाची किशी, जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या, गेरू, हळद, काजळी आणि तांदळाचे पीठ. गणेशोत्सवात मूर्तिशाळेतून उरलेली शाडू मागितली, तर ती बहुधा मिळते. विणकामाने प्रवाळ करायचा असेल तर बाजारातली स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकचीच असते, म्हणून सुती दोरा घ्यावा. क्रोशाने प्रवाळ विणण्याची कल्पना नवी नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाने अतिवलयी (हायपरबोलिक) भूमितीचे, म्हणजे कडेला चुण्या पडत जाणाऱ्या पृष्ठभागाचे, नमुने विणले, आणि पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या भगिनींनी त्याच तंत्रावर लोकरीच्या प्रवाळांचा मोठा सामूहिक प्रकल्प सुरू केला. तंत्र सोपे आहे: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेले, की कड आपोआप चुणीदार होत जाते. वर्गातल्या मुलांच्या आज्यांना हे आपल्यापेक्षा चांगले येते, त्यांना बोलवावे.

ब्रश धुण्याचे पाणी थेट बेसिनमध्ये ओतू नये, ही बाब क्षुल्लक वाटली तरी उपक्रमाची खरी परीक्षा हीच आहे. दोन बादल्या ठेवाव्यात. पहिल्या बादलीत ब्रश धुवावेत, दुसरीत खळबळावेत. पहिली बादली रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी वेगळे करावे आणि तळाचा रंगीत गाळ रद्दी कागदावर वाळवून कोरड्या कचऱ्यात द्यावा. तो वाळलेला गाळ एका वर्षी एका मुलीने चित्राच्या कोपऱ्यात चिकटवला आणि खाली लिहिले, ‘हा गेला नाही.’ त्या वर्षीचे सर्वांत चांगले चित्र तेच होते.

चौथी पायरी : ओहोटीला खडपावर जाऊन पाहावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ किनाऱ्यासाठी योग्य. मुंबईत प्रवाळ आहेत हे सांगितल्यावर बहुतेक पालकांना खोटे वाटते. हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्ह आणि कुलाब्याच्या नेव्ही नगराजवळील खडपांवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, कठीण प्रवाळांच्या वसाहती नोंदल्या गेल्या आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामात येणाऱ्या हाजी अली आणि वरळी येथील १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवल्या. शहराच्या इतक्या मधोमध असलेल्या प्राण्यांसाठी रस्त्याच्या कामात तरतूद करावी लागली, ही बातमी वर्गात अवश्य सांगावी.

ओहोटीची वेळ काढण्यासाठी कोळीवाड्यातला जुना हिशेब शिकवावा. मुलांना तो फार आवडतो. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले, की मुंबईतल्या भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणून सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाणी सर्वांत खोल ओसरते. म्हणून द्वितीया किंवा तृतीयेची सकाळ शाळेच्या सहलीला सोयीची पडते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, खडप पुरेसे उघडे पडत नाही. अर्थात हिशेब हा अंदाजासाठी. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावेच, आणि ओहोटीची उंची एक मीटरच्या आत असेल तोच दिवस निवडावा. भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते हे हाजी अलीजवळच्या मुलांना ठाऊक असते. ‘ती वाट उघडी असताना जायचे आणि बुडण्याच्या खूप आधी परतायचे’ एवढे सांगितले की वेळेचे गांभीर्य त्यांना कळते.

पायांत घट्ट बसणारे बूट हवेत, कारण कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात आणि शेवाळावर चप्पल टिकत नाही. पाच मुलांमागे एक मोठा माणूस असावा. पहिल्याच खेपेला स्वतःच्या भरवशावर जाऊ नये. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून किनारा-फेऱ्या काढल्या जातात, तशा एखाद्या फेरीला शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यावे.

आता प्रवाळ शोधायचा म्हणजे काय शोधायचे? फांद्या शोधू नयेत. खडकाच्या कपारीत, उथळ डबक्याच्या काठाशी, पालथ्या वाटीएवढा किंवा तळहाताएवढा करडा-तपकिरी चट्टा दिसतो; वाळलेले शेवाळ समजून आपण तो ओलांडून जातो. वाकून पाहिले की त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे दिसतात आणि घराघरांमध्ये बारीक पांढरी रेघ. एक घर म्हणजे एक प्राणी. शेजारीच हिरव्या बटणांची मऊ चादर अंथरल्यासारखे झोअँथिड दिसतील. ते प्रवाळांचे नातेवाईक असले तरी सांगाडा बांधत नाहीत, म्हणून दोन्हींची रेखाचित्रे शेजारी शेजारी काढावीत. मुंबईचे पाणी गाळाने गढूळ असूनही ही वसाहत तग धरते, म्हणून तो चट्टा मला परदेशी कॅलेंडरावरच्या रंगीत खडकापेक्षा अधिक चित्रणीय वाटतो. करड्या रंगाच्या किती छटा असतात हेही मुले येथेच शिकतात.

हात लावायचा नाही, उचलायचे नाही, वर उभे राहायचे नाही. कठीण प्रवाळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंगतीला बसतात. मेलेला तुकडासुद्धा नमुना म्हणून शाळेत आणू नये.

पाचवी पायरी : चित्रांची पोथी बांधावी

सुटी चित्रे भिंतीवर लावली की पाहणारा आपल्या मुलाचे चित्र शोधतो आणि निघून जातो. म्हणून आम्ही चित्रकथीचा आधार घेतला. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही कला जपली आहे. कथेच्या क्रमाने काढलेल्या चित्रांच्या संचाला तेथे पोथी म्हणतात आणि एकेक चित्र पुढे धरत कथा गाऊन सांगितली जाते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पिंगुळीपासून मालवण दूर नाही, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथेही प्रवाळ आहेत. हा योग मला सुखावतो.

चित्रकथीची नक्कल करू नये, तिची क्रमाने सांगण्याची रीत घ्यावी. बारा ते पंधरा चित्रे पुरेत. पहिले चित्र शाळेच्या फाटकाचे, शेवटचे खडपावरच्या करड्या वसाहतीचे, आणि मधल्या प्रत्येक चित्रात तीच धार वाहताना दिसली पाहिजे. एका चित्राच्या उजव्या कडेला धार जेथे संपते तेथूनच पुढच्याच्या डाव्या कडेला ती सुरू व्हावी, म्हणून कडेवरची उंची आधी फूटपट्टीने ठरवून द्यावी. प्रत्येक चित्रासाठी दोन ओळींचे निवेदन मुलांनीच, घरात बोलतात त्या मराठीत, लिहावे. ‘प्रदूषण’ हा शब्द एकदाही न वापरण्याची अट घालून पाहावी. मग रेती, तेल, पुडी, राख असे नेमके शब्द येऊ लागतात.

सहावी पायरी : कोणाला दाखवायचे आणि काय मागायचे

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात केले तर पाहणारे आपलेच लोक असतात. पोथी त्या धारेच्या वाटेवर न्यावी: सोसायटीच्या आवारात, मार्केटच्या तोंडाशी, कोळीवाड्यातल्या मंदिरापुढे. कोळीवाड्यात ऐकण्याची तयारी ठेवून जावे, कारण जाळ्यात माशांऐवजी पिशव्या कशा येतात हे तेथल्या बायका आपल्याला सांगतील आणि पुढच्या वर्षीच्या पोथीत दोन चित्रांची भर पडेल. रस्त्याकडेच्या गटारांच्या जाळ्यांजवळ ‘येथून पुढे समुद्र’ असे रंगवायचे असेल तर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि ती येण्यास वेळ लागतो हे गृहीत धरावे.

प्रत्येक ठिकाणी एकच मागणी करावी, तीही ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे. एका सोसायटीत आमच्या मुलांनी रेतीच्या ढिगाचे चित्र दाखवून सचिवांना विचारले, की यावर ताडपत्री टाकता येईल का. सचिव थोडे अवघडले, मग हसले. चौथ्या दिवशी ढिगावर निळी ताडपत्री आणि कडेला विटांची ओळ होती. ‘पर्यावरण वाचवा’ या घोषणेने ती आली नसती. वडापाववाल्याकडे उरलेले तेल डब्यात साठवण्याची, उपाहारगृहाकडे पुड्यांच्या टोपलीची, पालकांकडे गच्चीच्या दुरुस्तीचा राडारोडा पावसाआधी उचलण्याची मागणी करावी. काय मागितले आणि काय झाले, हे एका वहीत लिहून ठेवावे, नकारही लिहावेत.

ज्यांना पुढे जायचे आहे अशा ११ ते १९ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी खालिद बिन सुलतान लिव्हिंग ओशन्स फाउंडेशनची ‘सायन्स विदाउट बॉर्डर्स चॅलेंज’ ही आंतरराष्ट्रीय चित्रस्पर्धा आहे. भाग जरूर घ्यावा, मात्र उपक्रम स्पर्धेसाठी करू नये. बक्षिसाकडे डोळे लागले की करडा प्रवाळ पुन्हा केशरी होतो.

शेवटची पायरी : पुढच्या जूनमध्ये परत त्याच जाळीपाशी

पोथीचे पहिले चित्र आणि गेल्या वर्षीची रेखाटनवही घेऊन, पहिला चांगला पाऊस झाल्यावर, त्याच मुलांना त्याच जाळीपाशी उभे करावे आणि पुन्हा दहा मिनिटे पाहून चित्र काढायला सांगावे. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नये. गेल्या खेपेस आमच्या दोन चित्रांत फरक एवढाच होता, की रेतीची पिवळी धार नव्हती. पुड्या तितक्याच होत्या, तवंगही होता. मुलांनी तसेच काढले.